चौदा नावं, पंधरा चेहरे

गणपती गेले की आमच्या मैदानाला भोकं पडतात. मांडवाचे बांबू उपटून नेलेले असतात आणि त्यांच्या जागी वीतभर रुंद, हातभर खोल खड्डे ओळीने उरतात. एका ओळीत बारा, अशा सात ओळी. ते पटकन दिसत नाहीत, कारण त्यांत पाणी साचून वर झेंडूच्या पाकळ्या तरंगत असतात. यंदाही विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जाताना माझा पाय त्यातल्या एकात गेला. चप्पल आतच राहिली. ती उपसताना हाताला गुलाल, कुजका बांबू आणि ओल्या मातीचा जो वास लागला, तो फुटबॉलचा वास आहे हे मला कोणी सांगायला नको होतं.

खड्डे बुजवणं हे आमच्या क्लबचं मोसमातलं पहिलं काम असायचं. विटांचे तुकडे, त्यावर रेती, त्यावर माती, आणि मग क्लबमधला सर्वांत जाडा खेळाडू प्रत्येक खड्ड्यावर उभा करायचा. तो म्हणायचा, "मी खेळायला आलोय की रोलर म्हणून?" उत्तर ठरलेलं होतं: "आधी रोलर, मग राखीव."

आमचं मैदान कांदिवली पूर्वेला, एका पिंपळाच्या पाराला लागून आहे, म्हणून क्लबचं नाव पिंपळपार फुटबॉल क्लब. मैदान सगळ्यांचं, त्यामुळे ते कधीच मोकळं नसतं. जून ते ऑगस्ट तिथे तळं. मग गणपतीचा मांडव. मग नवरात्राचा. दिवाळीनंतर क्रिकेट, लग्नं, सत्यनारायण, पुढाऱ्यांचे वाढदिवस. वर्षात ते रिकामं असायचं फक्त पंधरा दिवस, पितृपक्षाचे. त्या पंधरवड्यात कोणी शुभकार्य करत नाही, सभा घेत नाही, नवा टॉवेलसुद्धा आणत नाही. क्लबच्या पोरांनी ते बरोबर हेरलं. जे दिवस कोणालाच नकोत ते आपले. स्पर्धेचं छापील नाव पिंपळपार चषक, पण अख्खी वसाहत तिला पितरांचा कप म्हणायची. फायनल सर्वपित्री अमावास्येला. खेळ संपायच्या आतच नवरात्रवाल्यांचा बांबूंचा ट्रक फाटकाशी येऊन हॉर्न वाजवायला लागायचा.

त्या दिवसांत दुपारी कोणाच्या ना कोणाच्या घरी म्हाळ असे. म्हाळ म्हणजे आमच्या कोकणी घरांतलं पितरांचं जेवण: खीर, वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, गवार, भोपळा, अळूवड्या. पोरं ते पोटभर जेवून मैदानात उतरायची आणि दहाव्या मिनिटाला धापा टाकायची. मागच्या गल्लीतल्या बौद्ध घरांत पितृपक्ष पाळत नसत. तिथली पोरं हलक्या पोटाने यायची आणि आमच्या पोरांना सोडायची नाहीत. "ए वड्या, पळ की! पितर बसलेत काय पाठीवर?" सगळे हसायचे. मला तेव्हा वाटायचं की सगळे सारखेच हसतायत.

मी साकीनाक्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काम करते. नट, बोल्ट, बेअरिंग, ऑइल सील. आमच्याकडे एक शिस्त आहे. कार्डावरचा आकडा आणि रॅकवरचा माल जुळला नाही, तर आधी कार्डावर संशय घ्यायचा, मग माणसांवर, आणि शेवटी स्वतःवर. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. मीही विसरले होते.

यंदा क्लबचा सेक्रेटरी मिलिंद गणपतीतच घरी आला. पस्तिशीचा पोरगा, उत्साही, आणि कोणत्याही गोष्टीवर पटकन विश्वास ठेवणारा. पाराजवळची क्लबची खोली पुनर्विकासात जाणार होती.

"सुमनताई, नवरात्राच्या आधी खोली रिकामी करायचीये. कपाटातलं सगळं नोंदवून द्याल? तुमच्यासारखी यादी कोण करणार!"

"आणि मग ते सगळं जाणार कुठे?"

"क्लबहाउसमध्ये ना! बिल्डर अख्खी भिंत देतोय. जुने फोटो, कप, नावं. झकास होईल."

"क्लबहाउस म्हणजे आपल्या क्लबचं हाउस, असं तुला कोणी सांगितलं? त्यात जिम असते आणि पोहायचा तलाव."

"म्हणजे... नावातच क्लब आहे ना, ताई."

मी त्याला कागद आणायला लावला. कागदात एवढंच होतं: क्लबहाउस, सदनिकाधारकांसाठी. भिंतीचं नाव नाही, फुटबॉलचं तर नाहीच. कमिटीच्या अकरा जणांनी खाली सह्या केल्या होत्या आणि त्या संध्याकाळी पेढे वाटले होते. म्हणून मी यादी करायला हो म्हटलं, पण माझ्या अटीवर. प्रत्येक वस्तूला नंबर, प्रत्येक फोटोची प्रत, आणि यादी तीन ठिकाणी. भिंत मिळाली तर मिळाली.

कपाट उघडलं तेव्हा आधी झुरळं बाहेर आली, मग इतिहास. कप तेरा, त्यातले चार बिनकानाचे. शिट्ट्या दोन, एक मुकी. चामडी बॉल एक, वाळून नारळासारखा झालेला. जर्सी पाच, मूळ रंगाबद्दल मतभेद. रजिस्टरं सहा, त्यातली दीड वाळवीने खाल्लेली. फोटो एकतीस.

तेविसावा फोटो मला पाठ होता. क्लबने पितरांचा कप पहिल्यांदा जिंकला तो दिवस. एक-शून्य, आणि तो एकुलता एक गोल माझ्या दादाने मारलेला. दिलीप, नऊ नंबर. हे वसाहतीतलं शेंबडं पोरही सांगेल. दादाला जाऊन आता तीन वर्षं झाली, पण वहिनीच्या हॉलमध्ये या फोटोची छोटी प्रत अजून फ्रेममध्ये आहे. क्लबमधली प्रत मोठी, पुठ्ठ्यावर चिकटवलेली, खाली शाईने नावं.

माझी सवय अशी की आधी मोजायचं, मग बघायचं. नावं चौदा. चेहरे पंधरा.

पुन्हा मोजले. पंधरा. पंधरावा अगदी उजव्या कडेला होता, अर्धा वळलेला, बनियनवर. वहिनीच्या फ्रेममध्ये हा माणूस मी कधी पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात खोलीच्या दारात एक गृहस्थ येऊन उभे राहू लागले. साठीचे, सडपातळ, पायात स्वच्छ कॅनव्हासचे बूट. पहिल्या दिवशी म्हणाले, "बघू का जरा?" आणि सरळ तेविसाव्या फोटोपाशी गेले. हात लावला नाही. मागे हात बांधून दोन मिनिटं बघितलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. मी यादीच्या मागच्या पानावर नोंद केली: अनोळखी इसम, सोमवार, मंगळवार, गुरुवार, संध्याकाळी पाचनंतर, फक्त फोटो क्रमांक तेवीस. भंगारवाला म्हणावं तर कपांकडे ढुंकून बघत नाही. बिल्डरचा माणूस म्हणावं तर फोनवर बोलत नाही. हेतू कळत नसलेला माणूस मला सगळ्यांत धोकादायक वाटतो. त्या दिवशी फोटो पिशवीत घालून मी घरी आणला.

दुसऱ्या दिवशी बाळादाला गाठलं. बाळा शिरसेकर म्हणजे त्या वेळचा कॅप्टन, आता सकाळ-संध्याकाळ पारावर बसलेला असतो.

"बाळादा, हा बनियनवाला कोण?"

बाळादाने चष्मा काढला. बघायला सांगितलं की माणूस चष्मा लावतो. याने काढला.

"कोण की गो. असात कोणतरी. बॉल आणणारो."

"बॉल आणणाऱ्याच्या पायाला गुडघ्यापर्यंत चिखल?"

"अगो सुमन, जुनी मढी कित्याक उकरतंस? तुझ्या भावाचो फोटो हा तो. भिंतीर चांगलो मोठो करून लाव."

त्या टीममधले आणखी दोघे अजून वसाहतीत आहेत. त्यांनाही विचारलं. एक म्हणाला, बॉल आणणारा असेल. दुसरा म्हणाला, बॉल आणणारा. चाळीस वर्षांनी तिघांच्या आठवणी वेगवेगळ्या निघाल्या असत्या तर मी यादी बंद केली असती. तीन कार्डांवर एकच आकडा आला की स्टोअरमध्ये आम्ही सावध होतो. तो आकडा बहुधा एकाने लिहिलेला आणि दोघांनी उतरवलेला असतो.

मग मी त्या मोसमाचं रजिस्टर काढलं. बाळादाच्याच अक्षरात होतं: खेळ सुरू साडेतीन. गोल, दिलीप, नऊ नंबर, बाविसावं मिनिट. म्हणजे तीन बावन्न.

त्या फायनलला मी नव्हते. आमच्या गल्लीतली एकही बाई नव्हती. ज्यांची तिथी हुकते त्या सगळ्यांचं श्राद्ध सर्वपित्रीला, त्यामुळे घराघरात कढई चढलेली. आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, तिथीला त्या वर्षी भटजी मिळाले नव्हते, म्हणून आमचंही त्याच दिवशी. आबा गिरणीत होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. दादा एकोणीस वर्षांचा, मी तेरा. सकाळी नऊला येणारे भटजी दुपारी दीडला आले, भराभर विधी उरकून पुढच्या घरी पळाले. मग आईने गच्चीत पान ठेवलं. आणि कावळा येईना.

लोक म्हणतात, कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिलीय. माझं मत वेगळं आहे. सर्वपित्रीला प्रत्येक गच्चीवर, प्रत्येक कठड्यावर पान असतं. दुपारी तीनपर्यंत कावळ्यांची पोटं तुडुंब. खीर पाहिली तरी ते वरपक्षातल्या मामासारखी मान फिरवतात. पण हे आईला कोण सांगणार? "पान शिवल्याशिवाय उठायचं नाही," तिने दादाला बजावलं होतं. तो पाटावर बसून नसलेला बॉल पायाने खेळवत होता. मी गच्चीत, हातात गजराचं घड्याळ, कारण दर पाच मिनिटांनी जिन्यातून त्याची हाक यायची.

"सुमे, किती वाजले? आला का मेला?"

मेला हे कावळ्याला होतं. पण श्राद्धाच्या दिवशी तो शब्द ऐकून आईने लाटणं उगारलं होतं.

गच्चीतून मैदान दिसायचं नाही, पिंपळ आड यायचा. आवाज तेवढे यायचे. शिट्टी. भिजलेल्या चामडी बॉलचा जाड आवाज, उशीवर बुक्की मारल्यासारखा. मग एकदा एवढा मोठा आरडाओरडा झाला की शेजारच्या गच्चीतली कबुतरं उठली. मी कठड्यावरून खाली ओरडले होते, "दादा, गोल!" आणि खालून आवाज आला होता, "कोणाचा?"

"काय माहीत!"

चार वाजून वीस मिनिटांनी मानेवरची पिसं गेलेला एक म्हातारा कावळा आला, वड्याचा तुकडा उचलला आणि उपकार केल्यासारखा उडाला. दादा जेवलाही नाही. जिना तीन उड्यांत उतरला. संध्याकाळी परत आला तो खांद्यांवरून, कप घेऊन, आणि सगळे ओरडत होते, दिल्याने मारला, दिल्याने मारला. मी तो कप छातीशी धरून तीनही मजले फिरले होते.

आता ही दोन कार्डं बघा. एकावर तीन बावन्न, दुसऱ्यावर चार वीस. मिनिट रजिस्टरातलं, पण आधी गोल आणि मग कावळा, हे दोन्ही चाळीस वर्षं माझ्याच डोक्यात होतं, शेजारीशेजारी. त्याच्याच गोलची बातमी मी त्याला गच्चीतून दिली होती! हजारो बेअरिंग मोजली, कुठे एक कमी आलं तर अख्खी पाळी थांबवली, आणि हे दोन आकडे मी कधी समोरासमोर ठेवले नाहीत. विसरले होते म्हणावं तर विसरले नव्हते. बहुधा ठेवायचेच नव्हते.

स्टोअरमधलं बोल्टचे आटे तपासायचं भिंग घरी आणलं. दादा फोटोत मध्यभागी, एका गुडघ्यावर, कपावर हात. जर्सी कॉलरपर्यंत चिखलाने भरलेली. केस विंचरलेले. आणि पाय? गुडघ्यापासून खाली पाय धुतल्यासारखे स्वच्छ. मग कपावरचा हात पाहिला. अनामिकेत अंगठी आहे असं मी कायम समजत होते. अंगठीला टोकं नसतात. याला दोन टोकं होती, बाहेर आलेली, गवताची. श्राद्ध करताना बोटात दर्भाचं कडं घालतात ते. पवित्रक. विधी झाला की सोडायचं असतं. भटजी घाईत गेले, मग कावळ्याची वाट बघणं सुरू झालं, मग दादा पळाला, आणि ते सोडायचं राहून गेलं.

दादा मैदानात पोहोचला तेव्हा दादा मैदानात आधीच खेळत होता.

शनिवारी ते गृहस्थ पुन्हा दारात आले. मी टेबलावर फोटो ठेवला, शेजारी भिंग, आणि खुर्ची पुढे केली.

"हे तुम्ही ना?"

"तू दिल्याची बहीण ना?"

"मी आधी विचारलंय."

ते हसले. "मी अशोक. मागच्या गल्लीत, टाकीपाशी घर होतं आमचं. आता पोरीकडे राहतो, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये."

माझा अजून विश्वास बसला नव्हता. कोणीही येऊन काहीही सांगू शकतं. मी विचारलं, "त्या जर्सीबद्दल काय आठवतं?"

"नऊची शेपटी," ते लगेच म्हणाले. "उसवली होती. मी बॉल घेऊन निघालो आणि त्यांच्या बॅकने मागून धरली. टर्रकन आवाज आला. म्हटलं फाटू दे, आपली थोडीच आहे!"

मी उठून कपाटातली जर्सी आणली. पिवळट पडलेल्या नऊच्या शेपटीवर काळ्या दोऱ्याचे टाके होते. ते आईचे. सुई मी ओवून दिली होती.

मग अशोकदादाने सांगितलं. तो साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये होता, आणि नोकरी मिळाली होती ती त्यांच्या टीममधून खेळण्यासाठी. नियम असा की एका मोसमात एक माणूस एकाच क्लबचा. "साडेतीन वाजले, दिल्याचा पत्ता नाय. बाळ्या आला, म्हणाला, दिल्याचं खेळाडूचं कार्ड आहे, त्यावरचा फोटो तसाही पुसट, चल. सापडलो असतो तर तुमचा कप गेला असता आणि माझी नोकरी. म्हणून सगळे चूप. दिल्या धावत आला तेव्हा शेवटची दहा मिनिटं राहिली होती. कडेला उभा राहून स्वतःच्याच नावाने ओरडत होता, ‘दिल्या, पास दे! दिल्या, मागे बघ!’ वेडा." तो बोटाने फोटोची कड चाचपत म्हणाला, "फोटोवाला आला तसं बाळ्या म्हणाला, जर्सी काढ, दिल्याला दे. दिली. तुमच्या पितरांच्या वाटचं मी पळालो, एवढंच."

"पण नियम त्या वर्षापुरता होता. नंतर नाव का नाही लिहिलं?"

त्याने फोटो माझ्याकडे सरकवला. "ते मला नको विचारूस. पेन माझ्याकडे नव्हतं."

"मग आता रोज कशाला येता?"

"नात खेळते ना इथे, मुलींच्या टीममध्ये. तिला सांगितलं, पितरांच्या कपात मी गोल मारलाय. म्हणते, आजोबा, फेकू नका. मला वाटलं, तिला दाखवायला फोटोत निदान माझे चिखलाचे पाय तरी आले असतील."

मी पुन्हा बाळादाकडे गेले. या वेळी त्याने चष्मा काढला नाही, लावलाही नाही. तो नुसता हातात धरून बसला. "पुढच्या वर्सा लिवचा म्हटला होता," तो म्हणाला. "मगे ऱ्हवला."

राहून गेलं. आमच्या भाषेतला हा मोठा सोयीचा शब्द आहे. त्याला कर्ता लागत नाही. पवित्रक सोडायचं राहून गेलं, ते खरंच राहून गेलं होतं. त्यामागे घाईशिवाय काही नव्हतं. नावाचं मला तसं वाटत नाही. पहिल्या वर्षी ते भीतीने राहिलं. दुसऱ्या वर्षी कदाचित संकोचाने. मग पुढे ते मागच्या गल्लीतलं नाव होतं म्हणून कोणाला आठवण झाली नाही, की आठवण झाली आणि कोणाला गरज वाटली नाही? बाळादाला मी हे सरळ विचारलं. तो म्हणाला, "तसा काय नाय गो." ज्या वेगाने म्हणाला, तो वेग मी नोंदवून ठेवलाय.

वहिनीकडे जाणं सर्वांत अवघड होतं. मी फोटो मोठा करून नेला आणि भिंग तिच्या हातात दिलं. ती तीसेक म्हाळ केलेली बाई. तिने बोट पाहिलं आणि लगेच ओळखलं.

"पवित्रक आहे हे."

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "यांनी मला कधी सांगितलं नाही गं की गोल मी मारला. लोक सांगायचे. हे हसायचे."

"नाही तरी म्हणाला का कधी?"

तिने विचार केला. "नाही. नाही म्हटल्याचं आठवत नाही."

मी भिंतीवरची फ्रेम खाली काढली. त्यातल्या प्रतीची उजवी कड कात्रीने सरळ कापलेली होती. "ही कड कोणी कापली?"

"यांनीच. फ्रेममध्ये बसत नव्हता म्हणाले."

माझ्या पर्समध्ये फुटपट्टी असते. मी मोठ्या फोटोचं प्रमाण धरून माप घेतलं, मग फ्रेमचं. बसत होता. वर बोटभर जागा उरत होती.

वहिनी चहा ठेवायला आत गेली आणि चहा न ठेवताच परत आली. दादा माझा लाडका होता. साकीनाक्याच्या मुलाखतीला मला सोडायला आला तो दादाच. आईच्या आजारपणात रात्री जागला तो दादाच. पण एखादा माणूस आपल्याला आवडतो, म्हणून त्याचा रॅक न मोजता सोडायचा नसतो. कात्री हातात घेताना त्याला काय वाटलं असेल? मी तो प्रसंग अनेकदा मनात उभा केला. प्रत्येक वेळी कात्री आधी दिसते, चेहरा दिसत नाही.

"फ्रेम परत लावू का?" मी विचारलं.

"मोठा लाव," वहिनी म्हणाली. "कड न कापलेला."

मिलिंदने मात्र कपाळाला हात लावला. "ताई, फलकाचं डिझाइन छापायला गेलंय! दिलीपकाका मध्ये मोठे, खाली ‘पहिल्या विजयाचे शिल्पकार’. आता नाव बदललं तर लोक काय म्हणतील? वाट लागेल यार."

"लोकांना माहितीये. त्या वेळच्या पुरुषांना तर सगळ्यांनाच माहितीये. चाळीस वर्षं माहीत नव्हतं ते फक्त बायकांना, कारण आम्ही वडे तळत होतो."

"आणि नाही बदललं तर?"

"तर यादीवर माझी सही नाही. बिनसहीच्या यादीवर कपाट कोणाच्या ताब्यात देतोस ते बघ."

मिलिंदने दोन दिवस घेतले. मग फोन केला आणि विचारलं, "अशोक पुढे काय लावायचं?" मी त्याला पूर्ण नाव सांगितलं. यादीच्या तीन प्रती झाल्या. एक मिलिंदकडे, एक माझ्या कपाटात, तिसरी अशोकदादाच्या हातात दिली. त्याने ती उघडली नाही. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाला बटण लावलं.

काल सर्वपित्री होती. पितरांचा कप अजून होतो, आता मुलींचाही. फायनल साडेतीनला. वहिनीने दादासाठी पान वाढलं आणि गच्चीत ठेवायला मी गेले. आता कावळेही कमी झालेत. पिंपळ तेवढाच आडवा येतो. पान कठड्यावर ठेवून मी उभी राहिले. अशा वेळी लोक हात जोडून गेलेल्याला काहीतरी कबूल करतात, तुझं अमुक बघू, तमुक करू, म्हणजे कावळा येतो म्हणे. मी काहीच कबूल केलं नाही. कबूल करायची पाळी माझी नव्हती.

खाली शिट्टी झाली. बॉलचा आवाज आता पूर्वीसारखा जाड नाही, हलका, टणटण येतो. मग तो आरडाओरडा उठला, तसाच, कबुतरं उडवणारा. मी सवयीने कठड्यावरून जिन्याकडे वाकले. खालून कोणी विचारलं नाही.

पान तिथेच ठेवून मी जिना उतरले. कावळा शिवला की नाही, मला माहीत नाही.

मैदानाच्या जाळीला क्लबचा मोठा कापडी फलक बांधलेला होता, त्यावर तेविसावा फोटो आणि खाली पंधरा नावं. गोलच्या पुढे अशोकदादाचं. शेजारी तो स्वतः उभा होता, कॅनव्हासचे बूट चिखलात, जाळीत बोटं अडकवून ओरडत.

"कोणी मारला?" मी धापा टाकत विचारलं.

"नऊ नंबर! काय मारला, यार!"

मी पर्समधून वही काढली. "नंबर नको, अशोकदादा. नाव सांगा."

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मग जाळीपाशी तोंड नेऊन आतल्या मुलींना विचारलं, नीट ऐकून घेतलं, आणि मला एकेक शब्द सुटा करून सांगितला: तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मी उभ्याउभ्या लिहून घेतलं, समोर मिनिट टाकलं. फाटकाशी बांबूंचा ट्रक हॉर्न वाजवत होता.